चोथा

लातूरच्या गंजगोलाईमागे एका गल्लीत फुटाण्यांची जुनी भट्टी होती. ती चालवणाऱ्या म्हाताऱ्याची लेक एक दिवस दोन लेकरं घेऊन नांदेडहून माहेरी परतली. तलाक झाला होता. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. नवऱ्याचं नांदेडला कॉफीचं दुकान होतं. त्याने मेहर दिली, इद्दतचा खर्च दिला आणि सांगितलं, "हिशेब संपला."

लेक भट्टीवर बसू लागली. जळण महागलं होतं. फुटाणे पोचवायला ती एका उडुपी हॉटेलात जाई. तिथे मागच्या दाराशी कॉफीच्या चोथ्याची बादली रोज भरलेली असे. हॉटेलवाले अण्णा एकदा म्हणाले, "आमच्या चिकमगळूरकडे कॉफीची टरफलं जाळतात. हा चोथा जळतो का बघ."

तिने तो आणला आणि तसाच भट्टीत टाकला. घरभर धूर झाला, जाळ काही धरला नाही. अब्बा म्हणाले, "यात निम्म्याहून जास्त पाणी आहे, बेटा. आधी ते जाऊ दे."

चैत्राचं ऊन होतं. गच्चीवर पातळ पसरलेला चोथा लवकरच खडखडीत वाळला. वखारीतला भुसा आणि थोडं शेण घालून तिने लगदा केला. मुलगी पाइपच्या तुकड्यात तो भरायची, लाकडी दट्ट्याने दाबायची आणि एकेक कांडी अलगद बाहेर ढकलायची. तिच्या नखांत चोथा जाऊन बसे. वही उघडली की पानांना कॉफीचा वास येई.

वाळलेल्या कांड्या छान पेटल्या. चोथ्यात थोडं तेल उरलेलं असतं. नीट सुकला तर तो वजनाला वजन लाकडापेक्षा जास्त उष्णता देतो. कढईतली वाळू तापली, हरभरे तडतडले. जळणाचा खर्च कमी झाला.

मग जून आला. फी, वह्या, बूट. लेकीने कानातलं मोडायला काढलं. अब्बांनी हात धरला. "यांच्या बापाला सांग."

"मी भीक मागणार नाही, अब्बा."

"तुझ्यासाठी कुठे मागायचंय?"

दोघं नांदेडला मौलानांच्या घरी गेले. मौलानांनी जावयाला बोलावून घेतलं. चहा झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "मेहर कोणाची होती?"

"हिची."

"इद्दतचा खर्च?"

"हिचाच."

"मग लेकरांचं काय दिलंस?"

तो गप्प बसला. मौलाना म्हणाले, "लेकरं आईजवळ राहतात, ती हिजानत. त्यांचं खाणं, कपडे, औषध, शिक्षण, हा नफका. तो बापावर असतो. तलाक नवरा-बायकोचा होतो, बाप-लेकरांचा नाही."

"धंदा मंदा आहे, मौलाना."

"ऐपतीइतकंच द्यायचं आहे. सूरह तलाकमध्ये तेच सांगितलंय. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त, ज्याच्याकडे कमी त्याने कमी. काहीच देऊ नये, असं मात्र कुठे नाही."

बोलता बोलता अब्बांनी चोथ्याच्या कांड्यांची गोष्ट सांगितली. जावई चकित झाला. त्याच्या दुकानातला चोथा रोज नालीत जात होता. मौलाना त्याच्याकडे बघून म्हणाले, "चोथा तुझा आहे, टाक नाहीतर ठेव. लेकरं अशी टाकता येत नाहीत."

त्याने मान हलवली. काही महिने पैसे आले. मग थांबले. फोन उचलणंही थांबलं.

या वेळी लेक एकटी उठली आणि लातूरच्या कोर्टात गेली. विधी सेवा प्राधिकरणाने तिला वकीलबाई दिली. नवऱ्याच्या वकिलाने तलाक झालेल्या मुस्लिम बायकांच्या हक्कांबाबतच्या १९८६ च्या कायद्याकडे बोट दाखवलं: मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच खर्च देणं आहे. वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा नूर सबा खातून खटल्यातला निकाल पुढे ठेवला. ती दोन वर्षं आईच्या हक्काची आहेत; मुलांचा हक्क वेगळा. मुलगा सज्ञान किंवा त्याआधी कमावता होईपर्यंत आणि मुलीचं लग्न होईपर्यंत मुसलमान बापावरही ती जबाबदारी राहते. ही तरतूद म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४.

कोर्टाने दोन्ही मुलांसाठी दरमहा रक्कम ठरवून दिली. लेकीने त्यातून आधी मुलीचे बूट घेतले. भट्टीवर कांड्या जळतच राहिल्या.

या बाईच्या हातात कसब होतं, म्हणून घर तगलं. पण तिच्या कसबामुळे बापाचं देणं माफ झालं नाही. आपल्याकडे बाई कमावती दिसली की लोक पटकन म्हणतात, "आता तिला काय कमी आहे?" शरियत असं म्हणत नाही, देशाचा कायदाही म्हणत नाही.

तुमच्या गल्लीत अशी आई असेल तर तिला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत सोबत करा. बाईला आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, मग उत्पन्न कितीही असो.