थांबलेली मोटर

छंद म्हणून घरी बसविलेल्या छोट्या सीएनसी मिलिंग यंत्रात बहुधा स्टेपर मोटर असते. एका फेऱ्यासाठी ती सामान्यतः २०० पावले टाकते. प्रत्येक पाऊल १.८ अंशांचे. नियंत्रक हुकूम सोडतो, पावले मोजतो. पण मोटर खरोखर फिरली का, हे साध्या यंत्रात त्याला कळतच नाही. भार असह्य झाला की मोटर जागीच गुरगुरते, मोजणी मात्र चालूच राहते. पुढचा प्रत्येक काप चुकीच्या जागी पडतो.

दोष कोणाचा? आपला हात लगेच विद्युतप्रवाह वाढविण्याकडे जातो. जाणता कारागीर आधी वीज बंद करून स्क्रू हाताने फिरवून पाहतो: कोठे अडकतो का? मग कापाची खोली आणि वेग कमी करतो. कारण वेगाबरोबर या मोटरचे बळ घटत जाते. प्रवाह खरोखरच अपुरा असेल, तरच तो मर्यादेत वाढवितो.

घरात मूल मागे पडले, की आपण आवाज चढवितो. ओझे किती, वाट कोठे अडली, हे विचारीत नाही. यंत्राला ऐकण्याची सोय नाही, म्हणून ते निर्दोष. आपल्याला मात्र कान आहेत. ज्याला हुकूम देण्याचा अधिकार, त्याच्यावरच ऐकण्याचे पहिले कर्तव्य नाही काय?