वैश्वानराकडे जाणारी वाट

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १४

भगवंत इथे सांगतात, की सगळ्या प्राण्यांच्या देहात मी वैश्वानर अग्नी होऊन राहतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो. चावायचं, गिळायचं, चाटायचं आणि चोखायचं, असे ते चार प्रकार आचार्यांनी सांगितलेत.

अन्ननलिकेचा कॅन्सर वाढला की हे दरवाजे एकेक करून बंद होतात. माझ्या काकांना आधी भाकरी अडकायला लागली, मग मऊ भात, मग पेज. शेवटी थुंकीही गिळता येईना. आत अग्नी पेटलेला, आणि आहुती पोचायची वाटच बंद!

डॉक्टरांनी स्टेंट सुचवला. दुर्बिणीतून धातूच्या जाळीची नळी गाठीच्या जागी बसवतात. ती आत फुलते आणि वाट मोकळी होते. बऱ्याच जणांना थोड्याच दिवसांत पातळ, मऊ खाता येतं. काहींना आतून रेडिएशन देतात; त्याचा गुण उशिरा येतो, पण जास्त टिकतो. डॉक्टर स्पष्टच बोलले, "यानं रोग बरा होणार नाही." लगेच घरात कुणीतरी म्हणालं, "मग कशाला त्रास द्यायचा त्यांना?"

मित्रांनो, मला याचं उत्तर या श्लोकात मिळतं. अग्नी आज पेटलेला आहे ना? मग आहुती आजची. तो अजून किती दिवस जळेल, हे विचारून कुणी नैवेद्य दाखवत नाही. काकांना हवं असेल, तर दोन घोट पेज सुखानं उतरावी म्हणून केलेला उपचार हीसुद्धा पूजाच. नंतरची सेवा घरच्यांची : ताठ बसवून भरवायचं, घास लहान, नीट चावलेला, मध्ये मध्ये पाण्याचा घोट. धागेदार पालेभाजी, पोळीचे मोठे तुकडे नकोत. काही अडकलं तर डॉक्टरांना लगेच फोन.

आणि वाट उघडलीच नाही तर? श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा कॅन्सर होता. १८८६ साली काशीपूरला त्यांनी देह ठेवला. थोडं तरी खाता यावं म्हणून जगन्मातेला सांगा, असा नरेंद्रानं हट्ट धरला. त्यांनी सांगितलंही. आईनं समोरच्या शिष्यांकडे बोट दाखवलं : इतक्या मुखांनी तूच तर जेवतोयस!

म्हणून शेवटी भूकच मावळली, तर बळजबरीनं भरवू नका. ओठ ओले करा, हात धरा, नाम घ्या. वैश्वानर उपाशी राहत नाही. तो तुमच्याही पोटात आहे. स्वतः जेवा. सेवा करणाऱ्यानं उपाशी राहायचं नसतं.

आज पहिला घास सहज खाली उतरेल, तेव्हा क्षणभर थांबा. जमलं तर ज्याला तो उतरत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

जय श्रीकृष्ण!