अन्नाला पात्र कोण?

दानाचा विषय निघाला की देश, काल आणि पात्र ही तीन अंगे आम्ही कीर्तनात सांगतो. पण अन्नदानात पात्र कोण, हे ठरवायचे कोणी? या प्रश्नात आमच्याच हातून चूक घडली, म्हणून हे लिहिणे.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहाच्या शेवटच्या पंगतीत एक माणूस येऊन बसला. तोंडाला दारूचा वास. आम्हीच वाढप्यांना म्हणालो, "याला उठवा हो." तो काही बोलला नाही. भाताला लावलेला हात धोतराला पुसून निघून गेला. ते अर्धे टाकलेले पान अजून आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या एका अन्नछत्राची हकीकत वाचनात आली. मोटारींच्या कारखान्यांवर मोठे झालेले हे शहर. १९५० साली वस्ती साडेअठरा लाख. मग कारखाने बंद पडले, कित्येक बाहेर गेले, आणि २०२० च्या शिरगणतीत वस्ती ६ लाख ३९ हजारांवर आली. २०१३ साली तर खुद्द शहराच्या कारभाराचेच दिवाळे निघाले.

या शहरात संत फ्रान्सिसच्या परंपरेतील कपुचिन साधूंचा मठ आहे. १९२९ च्या मंदीत मठाच्या दारी भुकेले लोक येऊ लागले, तेव्हा साधूंनी त्यांना पाव आणि सूप वाढायला सुरुवात केली. ते छत्र आजही चालू आहे. भाजी चिरणे, ताटे वाढणे, भांडी घासणे या कामांना स्वयंसेवक येतात. १९९७ पासून शहरातच भाजीचा मळाही केला आहे. येणाऱ्याला ते पाहुणा म्हणतात; मोल घेत नाहीत, धर्म विचारीत नाहीत.

त्या मठाचे द्वारपाल होते सोलानस केसी. विद्याभ्यासात कच्चे, म्हणून १९०४ साली दीक्षा मिळूनही शास्त्रीय प्रवचनाचा आणि लोकांच्या पापांची कबुली ऐकण्याचा अधिकार त्यांना मिळाला नाही. ते १९५७ साली वारले, आणि २०१७ साली त्यांच्या धर्मसंस्थेने त्यांना 'धन्य' ही पदवी दिली. पाहा, प्रवचनाला अपात्र ठरलेला मनुष्य भुकेल्यांना दार उघडीत होता. आणि जन्मभर व्याकरण घोकलेले आम्ही पानावरचा माणूस उठवीत होतो!

यावर कोणी म्हणेल, "महाराज, असे फुकट घातले तर आळशी माजतील." पूर्वपक्ष खोटा नाही. विद्या द्यायची तर अधिकार पाहावा. द्रव्य द्यायचे तर घेणारा त्याचे काय करील ते पाहावे. पण अन्नाचे तसे नाही. पोट भरले की घेणाराच 'पुरे' म्हणतो. असे दुसरे दान कोणते? इथे भूक हीच पात्रता. खोट्या भुकेल्याला वाढले तर एक पळी आमटी गेली. खऱ्या भुकेल्याला उठवले तर काय गेले, याचा हिशेब आम्हाला अजून लागत नाही. व्यसनाबद्दल चार शब्द सांगायचेच होते, तर ते जेवणानंतर सांगता आले असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. छत्र चालवून बंद पडलेला कारखाना उघडत नाही. उद्या पुन्हा भूक आहेच. हे आम्हाला मान्य. लोकांना काम मिळावे, यासाठी झटणे हा वेगळा धर्म आहे आणि तोही मोठा आहे. पण तो सिद्धीस जाईपर्यंत आजच्या माणसाने उपाशी थांबावे, असे भरल्या पोटाने कसे म्हणावे?

असो. तो माणूस पुन्हा भेटला नाही. आता पंगत बसली की आम्ही व्यासपीठाजवळ न बसता मांडवाच्या दाराशी उभे राहतो. येईल त्याला एवढेच म्हणतो, "या, बसा." रामकृष्णहरी.