मोटारसायकलींचा हिशेब

व्याघ्र प्रकल्पातून उठवलेल्या कुटुंबांच्या त्या धनादेशवाटपाच्या फोटोबद्दल इतकं बोलून झालंय की मी नव्याने काही सांगायला नको. पलंगाएवढा पुठ्ठ्याचा चेक, तो धरताना अवघडून गेलेलं कोरकू आदिवासी जोडपं आणि जंगल वाचवल्याच्या समारंभात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पुष्पगुच्छ. (या प्लॅस्टिकबद्दल मी पूर्वीही लिहिलंय, कोणी ऐकत नाही.) मला टोचलं ते व्यासपीठावरून आलेलं, भरपूर हशा मिळालेलं वाक्य: ‘पैसे हातात पडले की यांच्या दारात आधी मोटारसायकल उभी राहते!’

हा विनोद मेळघाटपासून ताडोबापर्यंत कुठल्याही विश्रामगृहात चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर ऐकायला मिळतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून उठणाऱ्या कुटुंबाला 2008 पासून 10 लाख मिळायचे, 2021 मध्ये त्याचे 15 लाख झाले. मधली तेरा वर्षं जमिनीचे भाव काय साहेबांची वाट बघत थांबले होते? त्यावर मात्र कोणाला विनोद सुचत नाही.

बरं, घेतली मोटारसायकल. का घेतली? जंगलात काम दाराशी होतं. मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून-जाळून ठेवायचा, पहाटे अंधारात टोपल्या घेऊन निघायचं, ऊन चढायच्या आत फुलं वेचून अंगणात वाळत घालायची. मे महिन्यात तेंदूपत्ता: सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, मोजून द्यायचा. शिवाय चारोळी, डिंक, मध, गुरांची चराई. हे दरवर्षी येणारं उत्पन्न, आणि त्याचा मोबदला एकदाच, तोही सगळ्यांना सारखाच ठोक! सपाटीवरच्या नव्या वसाहतीत मोह नाही, फळी नाही. मजुरी आहे ती दुसऱ्याच्या शेतात, दहा-बारा किलोमीटरवर. एसटी कधी येईल ते महामंडळ जाणे. अशा माणसाने कामावर जायला काय घ्यावं, पुष्पगुच्छ?

आमच्याकडे निवृत्तीला फंडाचे पैसे मिळतात. कोणी त्यातून पोरीच्या लग्नात गावजेवण घालतो, कोणी युरोप बघून येतो, कोणी तळेगावजवळ बिनशेती न झालेला प्लॉट घेऊन आयुष्यभर तलाठ्याच्या पाया पडतो. या उधळपट्टीवर कुठली समिती बसली? त्याच्या गॅलरीत डोकावून नवा झोपाळा कोणी मोजला? उलट आपण पेढे खायला जातो. कोरकूच्या दारातली शंभर सीसीची गाडी मात्र लगेच समाजशास्त्राचा विषय होते.

दारूही पितात म्हणे. पितात काही. पिणारे सगळीकडेच पितात.

आणि उधळपट्टीच मोजायची असेल तर सरळ ‘कॅम्पा’चा हिशेब काढू या. खाणी आणि रस्त्यांसाठी जंगल गेलं की त्याची किंमत या निधीत जमा होते. 2019 मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला यातले 3,800 कोटींहून अधिक आले. उत्तराखंडात याच निधीचं काय झालं ते कॅगने 2025 मध्ये सांगितलं: आयफोन, लॅपटॉप, फ्रिज, कूलर. रोपं लावायच्या पैशांतले जवळपास 14 कोटी भलतीकडेच गेले. साहेबांच्या खोलीत फ्रिज आला म्हणून त्यांच्या हातात पैसे देऊ नयेत, असं अजून कोणी व्यासपीठावरून म्हटलेलं नाही. ज्यांचे मोह तुटले त्यांना या निधीतून मिळालीच तर खड्डे खणण्याची रोजंदारी, आणि कधीकधी ते खड्डे त्यांच्याच चराईच्या जमिनीवर.

निधी उशिरा आला, कागद जुळले नाहीत, यादीत नाव नाही ही पुनर्वसन फसण्याची कारणंही आहेत. ती सोडून देतो, त्यांत निदान विनोद नाही.

2019 च्या जानेवारीत केलपाणी-गुल्लरघाट भागातली उठवलेली माणसं परत मेळघाटच्या जंगलात जाऊन बसली होती. वनखात्याशी धुमश्चक्री झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. जमीन मिळाली नाही, दवाखाना-पाण्याची सोय धड नाही, ही त्यांची तक्रार. ‘उधळले पैसे, आता आले परत’ हे तेव्हाही कानावर आलं होतंच. जमिनीचा पर्याय योजनेत आहे, कागदावर. पण चेक काढणं सोपं, सलग जमीन शोधणं कटकटीचं, म्हणून गाडी रोखीकडे वळते.

गाव सोडायलाच नको असं मी म्हणत नाही. शाळा हवी, रस्ता हवा म्हणून स्वतःहून उठायला तयार असलेली तरुण पोरं आहेत, आणि वाघालाही जागा लागते. माझं मागणं साधं आहे: जमीन आधी, चेक नंतर, आणि सफारीच्या दारावर जमणाऱ्या पैशांतला ठरावीक वाटा उठलेल्या कुटुंबाला दरसाल, न मागता. होईल का? रिसॉर्टवाले नाराज होतील, म्हणजे बहुधा नाही.

तोवर घ्या मोटारसायकल. मला स्वतःला त्या गाड्यांचा तिटकारा आहे, आमच्या गल्लीत रात्री अकराला एक फटफटत जाते. फक्त सायलेन्सर काढू नका, बाबांनो.