प्रतिभेला जामीन कोण?

खरा कलावंत उपाशी असावा लागतो, असे एक मत आपल्याकडे आहे. हे मत बहुधा जेवणानंतर, बडीशेप चघळताना मांडले जाते. उपाशी माणसाने ते मांडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुराव्यादाखल दोन नावे हमखास पुढे येतात. एक नारायण सुर्वे. टाकून दिलेले पोर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलले. पोर मोठे होऊन गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आले आणि १९९८ साली पद्मश्री. दुसरे अण्णाभाऊ साठे. शाळेचे तोंड म्हणे दीडच दिवस पाहिले. वाटेगावहून मुंबईला पायी आले, चिरागनगरच्या झोपडीत राहिले आणि १९५९ साली ‘फकिरा’ देऊन गेले. १९६१ साली तिला सरकारी पुरस्कारही मिळाला.

“बघा! अंगात असलं की माणूस वर येतोच!” असे म्हणून वक्ता दुसरी चिमूट बडीशेप तोंडात टाकतो.

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. मला या वहीत एकच बाजू लिहिलेली दिसते, जमेची. वर आले ते दोघे जमेला. पण जे आलेच नाहीत, ते कोणत्या पानावर? नावेच्या बाजूला नावेच नाहीत! असली वही घेऊन कोणी आमच्या काउंटरवर आला तर आम्ही त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

कर्ज मागणाऱ्याला आम्ही विचारतो, तारण काय? जामीन कोण? कलेच्या पेढीवरही हेच विचारतात, फक्त जरा गोड शब्दांत. “सध्या मानधन नाही हं, पण अनुभव मिळेल!” हा अनुभव दोन-तीन वर्षे खाऊन जगायला वडिलांची पेन्शन आणि दादरला राहती जागा लागते. प्रतिभा ज्याची त्याची, पण जामीन राहतो बाप. ज्याचा बाप स्वतःच रोजंदारीवर, त्याने काय करावे?

आमच्या शाखेत एक शिपाई होते. ढोलकी अशी वाजवत, की टाळे लागलेल्या लॉकरनेही मान डोलवावी. त्यांना एका नाटकमंडळीने बोलावले. तालीम दुपारी तीनला. दुपारी तीनला कोण मोकळा असतो? साहेबांकडे अर्ज गेला. कारकुनांच्या नाटकाला रजा देणारे साहेब म्हणाले, “ढोलकी? कामाच्या वेळात?” नाटक म्हणजे संस्कृती, ढोलकी म्हणजे गैरहजेरी! ढोलकी परत खुंटीला गेली. तिचे नाव कुठल्या वहीत लिहू?

याउलट परळ-लालबागची जुनी व्यवस्था पाहा. पाळी सुटली की कामगार तालमीला. १९२२ साली उभे राहिलेले दामोदर नाट्यगृह चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कामगारांच्या नाट्यस्पर्धा, गणपतीतले मेळे, भजनी मंडळे. पगार बेताचाच, पण ठरल्या तारखेला. म्हणजे तारण होते, जामीनही होता. गिरणीचा भोंगाच जामीन!

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. पगार गेला, पाळी गेली, पाळीमागून तालीमही गेली. उपासाने प्रतिभा फुलत असती, तर त्यानंतर गिरणगावात खोलीगणिक एक महाकवी निघायला हवा होता. निघाल्या त्या भाजीच्या गाड्या.

भूक हा कलेचा विषय होऊ शकतो, शाळा नव्हे. शाळेला वेळ लागतो, जागा लागते आणि पहिल्या तारखेचा पगार लागतो. एवढे मिळूनही एखादा कलावंत झाला नाही, तर खुशाल म्हणावे, अंगातच नव्हते.

ज्या अण्णाभाऊंना मुंबईला यायला गाडीचे तिकीट परवडले नाही, त्यांचे २००२ साली टपालखात्याने तिकीट काढले. आपण तिकीट देत नाही असे नाही. प्रवास संपल्यावर देतो, इतकेच.