नऊ दिवस

२७ जानेवारी १५४७ची रात्र. लंडनच्या टॉवरमध्ये सत्तरी ओलांडलेला एक कैदी पहाटेची वाट पाहतो आहे. नॉरफोकचा ड्यूक, थॉमस हॉवर्ड. राजद्रोहाचा ठपका पार्लमेंटने कायदा करून त्याच्यावर ठेवला आहे. आता फक्त शिरच्छेद उरला आहे. आणि त्याच रात्री राजा, आठवा हेन्री, स्वतःच मरण पावतो. ड्यूक वाचतो.

इतिहासात त्याला नशीबवान म्हणतात. मला मात्र तसं म्हणवत नाही.

राणी अ‍ॅन बोलीन ही त्याची सख्खी भाची. १५३६ साली तिच्यावर खटला चालला, तेव्हा न्यायासनावर मामाच बसला होता. मृत्युदंड त्यानेच सुनावला. सुनावताना त्याचे डोळे भरून आले, असं सांगतात. ते खरंही असेल, पण शिक्षा काही थांबली नाही. चार वर्षांनी त्याची पुतणी कॅथरिन राणी झाली. तिचं लग्न लागलं त्याच दिवशी ड्यूकच्या वैऱ्याचं, थॉमस क्रॉमवेलचं, डोकं उडवलं गेलं. केवढा विजय वाटला असेल! दोन वर्षंही झाली नाहीत, तोच कॅथरिनचाही वध झाला. आपल्यावर राजाची इतराजी होऊ नये म्हणून काकाने पत्र लिहिलं आणि दोन्ही पोरींच्या वर्तनाचा धिक्कार केला.

मग पाळी आली मुलाची. हेन्री हॉवर्ड, सरेचा अर्ल, हा कवी होता. पुढे शेक्सपिअरने नाटकांसाठी वापरला तो यमकाविना चालणारा छंद इंग्रजीत पहिल्यांदा त्याने आणला. एका जुन्या राजाची चिन्हं आपल्या कुलचिन्हात घेतली, हा त्याच्यावरचा आरोप. सख्ख्या बहिणीची जबानीही त्याच्याविरुद्ध गेली. मुलाचा गुन्हा आपण लपवला, अशी कबुली बापाने लिहून दिली. १९ जानेवारीला टॉवर हिलवर मुलगा मारला गेला. राजाच्या मृत्यूला तेव्हा नऊच दिवस उरले होते.

ड्यूक पुढे सहा वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिला. १५५३मध्ये मेरी राणीने त्याला सोडलं. दुसऱ्या वर्षी तो आपल्या घरी वारला.

फ्रॅमलिंगहॅमच्या चर्चमध्ये आज बापलेकांच्या समाध्या आहेत. मुलाच्या समाधीवर त्याची निजलेली मूर्ती आहे. तिचा मुकुट डोक्यावर नाही, बाजूला ठेवलेला आहे.