पाहिले ते आणि मानले ते

वाचकहो, विलेपार्ल्यातल्या एखाद्या उंच गच्चीवर रात्री थोडा वेळ उभे राहून पाहा. विमानतळ शेजारीच आहे. थेट आपल्या दिशेने येणाऱ्या विमानाचा दिवा बराच वेळ एका जागी थांबल्यासारखा दिसतो. मग विमान वळते, तांबडा-हिरवा दिवा वेगळा होतो आणि आवाज कानी येतो. पण त्याआधीच कुणी त्याला शुक्र म्हटलेले असते, तर कुणी उडती तबकडी. डोळ्यांनी एवढेच सांगितले होते, की उजेड आहे. बाकीचे मनाने जोडले.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या प्रकाशाच्या रेषा पाहिल्या. कुणाला तो शुभशकुन वाटला, कुणाला अरिष्ट. हौशी आकाशनिरीक्षकांतही मतभेद झाले. कुणी उल्का म्हणाले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या रॉकेटचा तो भाग असावा, असाही तर्क निघाला. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले.

हा वाद कशाने पुढे सरकतो? मोठ्या आवाजाने नव्हे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा क्षणात विझते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून कोसळणारा तुकडा सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने येतो, म्हणून तो सावकाश, आडवा, तुटत तुटत जाताना दिसतो. तेव्हा किती वाजले होते, दिशा कोणती, प्रकाश किती वेळ टिकला, तुकडे किती, एवढे साधे टिपण ज्याने केले त्याची साक्ष उपयोगी पडते. "मी सांगतो ना!" हे टिपण नव्हे.

आता प्रश्न आपला, साधकांचा. न तपासता "देवाची खूण" म्हणणारा आणि वर न पाहताच "विमान असेल" म्हणून हसणारा, यांत फरक किती? दोघांचीही जीभ डोळ्यांच्या पुढे धावली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचा विस्तार आहे, आणि त्यांत पहिले येते अमानित्व. ते पहिले का असावे? मला वाटते, मानाची भूक असलेल्या मनाला "ठाऊक नाही" म्हणता येत नाही, आणि एकदा बोललेले मागेही घेता येत नाही. मग नवे कळायला वाव कुठून राहणार?

कुणी विचारील, असे तपासत बसलो तर भक्ती कोरडी पडणार नाही का? माउली, आपला विठोबा विटेवर कमरेवर हात ठेवून उभा आहे. त्याच्या भेटीसाठी वारकरी पायी चालतो. आकाशात उजेड दिसला तरच चालेन, अशी अट घालत नाही. ज्या श्रद्धेला रॉकेटच्या तुकड्याचा आधार लागतो, ती त्या तुकड्याबरोबरच खाली येते. अंतरीच्या अनुभवाची पारख आचरणाने होते, आकाशातल्या उजेडाची मोजमापाने. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात मांडू नये.

आणि हे केवळ शब्दांचे प्रकरण नाही. तीन मीटरचे ते कडे एखाद्या घरावर पडले असते तर? शकुन म्हणून हात जोडून बसलो तर हा धातू कुणाचा, तो वस्तीवर का आला, याचा जाब विचारायचे राहून जाते. खरे पाहणे ही शेजाऱ्याविषयीची दयाही आहे.

म्हणून पुढच्या वेळी आभाळात काही चमकले, तर आधी पोटभर पाहा, वेळ टिपून ठेवा, आणि सांगताना दोन वाक्ये वेगळी ठेवा: "मी हे पाहिले" आणि "मला असे वाटते". एवढे साधले तरी वाणीचे मोठे तप घडले.

रामकृष्णहरी.